जशी आली तशी

परवा फणसवाडीतल्या घराचा माळा आवरायला काढला. चाळीतला माळा म्हणजे काय प्रकार असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आईच्या लग्नातलं घंगाळ, तीन वर्षांच्या गणपतींची मखरं, दादाची बारावीची पुस्तकं (त्यातली निम्मी कोरीच!).. आणि अगदी आतल्या कोपऱ्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं एक जड गाठोडं.

ते गाठोडं माझ्या ओळखीचं होतं. दर दसऱ्याला ते खाली उतरायचं. अप्पांच्या पान्या-पक्कडींबरोबर पाटावर बसायचं, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल घ्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळ्यावर जायचं. लहानपणी एकदा विचारलं होतं, तर "कार्बोरेटर आहे" एवढंच उत्तर मिळालं. कुठल्या गाडीचा, आणि त्याला एवढा मान का, हे काही आम्ही विचारलं नाही. आमच्या घरात गाडी नव्हतीच कधी. अप्पांचे हात काळे असायचे आणि ते गॅरेजात जायचे, एवढंच आमचं मोटारज्ञान.

पुढचं उत्तर मला मिळालं ते २०१२ साली, थेट अमेरिकेत. आणि ते मिळण्याआधी मी अप्पांचा चारचौघांत अपमान केला होता. मुद्दाम नाही, कौतुकाच्या भरात. पण केला हे खरं. २०१९ साली अप्पा गेले. गाठोडं हातात आल्यावर वाटलं, आता लिहून टाकावं.

तर आधी थोडी पार्श्वभूमी.

अप्पा कोकणातून मुंबईला आले १९६० साली, सोळाव्या वर्षी. फणसवाडीत मामाकडे राहायला आणि ऑपेरा हाउसच्या बाजूला एका गॅरेजात कामाला. तो सगळा भाग मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांचा. गॅरेजात एक उस्ताद होते, त्यांच्या हाताखाली अप्पा शिकले. आणि शिकले ते बहुतेक अमेरिकन गाड्यांवर.

तुम्ही म्हणाल, मुंबईत अमेरिकन गाड्या कुठून आल्या? मलाही नवल वाटलं होतं. पण नवल वाटायचं कारण नाही. आपल्या शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता, १९२८ पासून. तिथे शेवरलेट जोडल्या जायच्या. तो १९५४ साली बंद झाला. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स. फियाट आणि पद्मिनी आपल्याला माहीत असतात, पण त्याआधी १९४७ पासून तिथे क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात. म्हणजे परळ-लालबागच्या पलीकडे आणि कुर्ल्याला अमेरिकन गाड्या जन्माला येत होत्या. पुढे आयातीवर बंधनं आली तेव्हा परदेशी वकिलातींच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडून विकल्या जायच्या, त्या शेठ लोक घ्यायचे. लांबलचक इम्पाला दारात उभी असणं म्हणजे काय थाट असेल, याची कल्पना जुने हिंदी सिनेमे पाहिलेल्यांना असेलच.

मग आलं १९७३. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं, तेल महागलं आणि पेट्रोलचे भाव भडकले. अप्पांच्या भाषेत सांगायचं तर "शेठचे डोळे उघडले". लिटरला जेमतेम पाच किलोमीटर जाणारी गाडी कोण पोसणार? तेव्हा सगळ्यांनी एकच धंदा केला. आतलं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन काढायचं आणि पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवायचं. हे इंजिन डॉज आणि फार्गो ट्रकांत यायचं. ताकद निम्म्याहून कमी, वजन भरपूर, आवाज तर विचारू नका. ते बसवायचं म्हणजे माउंटिंग नवीन करायची, गिअरबॉक्सला जोडायला लेथवर प्लेट बनवून घ्यायची, मागचा लांब शाफ्ट कापून मापात आणायचा, पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या. अप्पांचा यात हातखंडा होता. ऑपेरा हाउसपासून ताडदेवपर्यंत लोक त्यांना "डिझेलवाला" म्हणून ओळखायचे.

मला याचा फार अभिमान होता. हॉर्निमन सर्कलहून जुन्या गाड्यांची रॅली निघायची तेव्हा अप्पा आम्हाला दोघांना घेऊन जायचे. लोक गाड्या बघायचे, अप्पा मान खाली घालून ऐकायचे. "हिचं इंजिन बदललंय," असं हळूच म्हणायचे. बाकी काही नाही. मला वाटायचं, आपल्या कामाची खूण पटली म्हणून खूष होतात.

असो. २०१२ मध्ये दादाने मला आणि अप्पांना मिशिगनला बोलावलं. आई नुकतीच गेली होती, अप्पा खिडकीत बसून राहायचे. दादा तिथे मोटारींच्या धंद्यातच इंजिनियर. सप्टेंबरात म्हणाला, "अप्पा, तुम्हाला एक गंमत दाखवतो." आणि डेट्रॉइटजवळच्या त्याच्या घरून आम्ही दोन-अडीच तास गाडीने स्टॅन्टन नावाच्या छोट्या गावी गेलो. दोन्ही बाजूंना शेतं आणि मध्येच एक सरळसोट डांबरी पट्टा. हीच ड्रॅग रेसची जागा.

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटर, सरळ पळतात. वळण नाही, फेऱ्या नाहीत. समोर खांबावर दिवे असतात. पिवळे, मग हिरवा. हिरव्याआधी निघालात तर लाल लागतो आणि तुम्ही बाद. सगळा खेळ बारा-तेरा सेकंदांत खलास. मी नाक मुरडलं होतं. एवढ्यासाठी अडीच तास? आपल्याकडे लोणावळ्याजवळ अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही अशा शर्यती झाल्या आहेत, पण त्या नव्या महागड्या गाड्यांच्या, म्हणून माझ्या डोळ्यासमोर तसंच काहीतरी होतं.

पण इथली गोष्ट वेगळी होती. ही शर्यत 'प्युअर स्टॉक' गाड्यांची. स्टॉक म्हणजे कारखान्यातून जशी आली तशी. अमेरिकेत साठच्या दशकात कंपन्यांनी मध्यम आकाराच्या गाड्यांत प्रचंड मोठी इंजिनं घालायला सुरुवात केली. १९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ, मग क्रायस्लरची हेमी इंजिनं, ब्यूक, शेव्हेल. यांना मसल कार म्हणतात. त्या गाड्या तशाच्या तशा ठेवून पळवायच्या. कार्बोरेटर मूळ जातीचाच हवा, एक्झॉस्टचं ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड मूळ, टायर त्या काळच्या मापाचे. शर्यतीचे गुळगुळीत रुंद टायर चालत नाहीत. त्यामुळे पाय जोरात दाबला की मागची चाकं जागीच फिरतात आणि गाडी हलतच नाही! म्हणून खरं कसब ताकदीत नसून सुरुवातीला पाय किती हलका ठेवता त्यात आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांची वेळ मोजतात, साधारण सारख्या वेळेच्या दोन गाड्यांची जोडी लावतात, आणि दुसऱ्या दिवशी तीन फेऱ्यांत ज्याच्या दोन तो जिंकला.

दादाने तिथल्या मोठ्या संघटनेच्या, म्हणजे नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या, स्टॉक वर्गाचीही गंमत सांगितली. तिथे गाडीचं वजन भागिले हॉर्सपॉवर असा हिशेब करून गट ठरतात. आपल्या कबड्डीच्या वजनी गटासारखं! आणि लालबाग-परळची पोरं वजनाच्या आदल्या दिवशी उपाशी राहायची ना, तसंच तिथेही चालायचं. कंपन्या हॉर्सपॉवर मुद्दाम कमी सांगायच्या. विमावाल्यांचा आणि गटाचा, दोन्हींचा फायदा. फोर्डने १९६८ साली एका इंजिनाची ताकद ३३५ सांगितली, खरी त्याहून कितीतरी जास्त. शेवटी संघटना स्वतःच आकडा वाढवून गाडीला वरच्या गटात टाकायची. अप्पा हे ऐकून इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. आई गेल्यानंतर पहिल्यांदा असे हसलेले पाहिले.

मग आम्ही गाड्यांमधून फिरायला लागलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांची १९६४ ची इम्पाला होती, लालभडक. अप्पा थांबले. बॉनेट बंद होतं. गृहस्थ ते उघडायला पुढे आले, तोवर अप्पांचं बोट न बघताच नेमकं खटक्यावर गेलं. खट् करून बॉनेट सुटलं. गृहस्थ खूष! "तुम्हाला ही गाडी माहीत आहे!" असं म्हणून त्यांनी अप्पांशी हात मिळवला आणि ते सांगू लागले. ब्लॉकवरचा नंबर, त्यावरची तारीख, कार्बोरेटर शोधायला त्यांना किती वर्षं लागली. अप्पा वाकून बघत होते. एकदा फक्त विचारलं, "हात लावू?"

आणि तिथे मी तोंड उघडलं.

मी मोठ्या उत्साहाने इंग्रजीत सांगितलं, की माझे वडील मुंबईत मेकॅनिक होते, अशा कितीतरी इम्पालांची इंजिनं त्यांनी काढून टाकली आणि त्यात ट्रकची डिझेल इंजिनं बसवली. आपल्या हातांनी! काही मॅन्युअल नाही, काही नाही!

गृहस्थांचा चेहरा उतरला. "डिझेल?" ते म्हणाले. पुन्हा एकदा, "डिझेल?" मग सभ्य माणूस असल्यामुळे हसले. पण शेजारच्या मित्राला हाक मारून त्यांनी ते सांगितलं, आणि तो मित्र काहीतरी ट्रॅक्टरवरून बोलून खो खो हसला. मीही हसले. गंमतच होती ना.

अप्पांना इंग्रजी बोलता येत नसे, पण समजत असे. त्यांनी बॉनेटवरचा हात काढला, दोघांना नमस्कार केला आणि जाऊन लाकडी बाकांवर बसले. दुपारभर उठले नाहीत.

परतताना गाडीत तासभर कोणी बोललं नाही. मग मीच म्हटलं, "अप्पा, तुम्हाला राग आला का? मी तर तुमचं कौतुक करत होते."

अप्पा बाहेर बघत होते. म्हणाले, "अगं, लग्नघरी जाऊन आपण किती मयतांना खांदा दिला ते सांगतं का कोणी?"

मला काही बोलता येईना. मी कसनुसं म्हणाले, "पण तुम्ही त्या गाड्या वाचवल्या. नाहीतर भंगारात गेल्या असत्या. यांचं काय, यांना पेट्रोल स्वस्त आहे."

"वाचवल्याच," अप्पा म्हणाले. "त्याची मला लाज नाही. पण पेट्रोल स्वस्त आहे म्हणून कोणी तीस-तीस वर्षं एक गाडी सांभाळत नाही. त्याला दुसरंच काही लागतं. मला आज एक दिवस ते बघायचं होतं. डिझेलवाला म्हणून नव्हतं बघायचं."

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी आईलाही सांगितली नव्हती.

१९७४ चा उन्हाळा. दादा आईच्या पोटात. गॅरेजात एका शेठची इम्पाला आली होती, १९६४ चीच. दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवायचं ठरलं होतं. रात्री गॅरेज बंद करताना उस्तादांनी चावी अप्पांच्या हातावर ठेवली. म्हणाले, "ले जा. कल इसका दिल निकालने का है. आज एक बार दौडा दे."

अप्पा चौपाटीवरून मरीन ड्राइव्हला निघाले. मध्यरात्र उलटलेली, रस्ता मोकळा. तारापोरवाला मत्स्यालयापाशी गाडी थांबवली, काच खाली केली आणि पाय दाबला. "पहिल्यांदा मागची चाकं नुसतीच फिरली. ती पोरं आज करत होती ना, तसंच. मग पाय जरा उचलला आणि गाडीने रस्ता धरला. नाक वर झालं. मागून कोणी ढकलल्यासारखं." किती वेग होता, मी विचारलं. "काट्याकडे बघितलंच नाही. आवाज ऐकत होतो." चर्चगेटच्या आसपास पाय काढला, आणि परत येताना इतकी हळू आणली की चौपाटीला यायला अर्धा तास लागला.

दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवलं. ते वजनावर दारूखान्याला भंगारात गेलं. अप्पांनी त्यावरचा कार्बोरेटर ठेवून घेतला. फुकट नाही, मजुरीतून वीस रुपये कापून. ती गाडी पुढे डिझेलवर दहा-अकरा वर्षं चालली, गिरगावातल्या कितीतरी वराती तिने वाहिल्या.

"गाडी जगली," अप्पा म्हणाले. "पण तिचा आवाज मी घालवला."

दादा इतका वेळ गप्प गाडी चालवत होता. तो म्हणाला, "अप्पा, १९७४ मध्ये इथेही हेच झालं." मसल गाड्यांचा अंत तसा आधीच सुरू झाला होता. १९७० चा हवा-प्रदूषणाचा कायदा, विम्याचे भरमसाट हप्ते, १९७१ पासून इंजिनांची ताकद कमी करणं. आणि त्यावर १९७३ चं तेल. क्रायस्लरने चॅलेंजर आणि बाराकुडा १९७४ सालीच बंद केल्या, जीटीओचंही ते शेवटचं वर्ष. डेट्रॉइटच्या कारखान्यांनी जे नवीन बनवणं थांबवलं, तेच ऑपेरा हाउसच्या गॅरेजात माझे अप्पा पान्याने उतरवत होते. एकच वर्ष, एकच कारण. अप्पांनी ते ऐकून फक्त मान हलवली. पण घरी पोचल्यावर दादाला म्हणाले, "उद्या पण आहे ना रे शर्यत? मला जायचंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा अडीच तास. मी मनाशी ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. अप्पा थेट त्या लाल इम्पालापाशी गेले. मी मुद्दाम दहा पावलं मागे थांबले. मला वाटलं होतं, काल हसले ते आज ओळख देतील की नाही. पण त्या गृहस्थांनी अप्पांना पाहिलं, जवळ बोलावलं, दुमडायची खुर्ची पुढे केली. मग काहीतरी बोलणं झालं. अप्पांचं इंग्रजी आणि त्यांचं मराठी, दोन्ही सारखंच! बहुतेक सगळं हातांनीच. एकदा अप्पांनी पाय दाबून मग हलका केल्याची खूण केली. गृहस्थांनी गाडी सुरू केली, आणि अप्पा बॉनेटशेजारी उभे राहिले, मान खाली घालून. हॉर्निमन सर्कलला उभे राहायचे तसे.

शर्यतीत ते गृहस्थ पहिली फेरी हरले, दुसरी जिंकले आणि तिसरीही जिंकले. तिसरीला हिरवा लागला तेव्हा अप्पा बाकावरून उठून उभे होते. काय बोलले दोघं, ते मी विचारलं नाही आणि अप्पांनी सांगितलं नाही. ते त्यांचं होतं.

आम्ही परत आलो आणि महिन्याभरात दसरा आला. त्या वर्षी अप्पांनी गाठोडं सोडून कार्बोरेटर रॉकेलमध्ये धुतला, सगळा उघडला, पुन्हा जोडला. त्यावरचा नंबर मला बोट ठेवून दाखवला. बाकी नेहमीचंच, हळदकुंकू आणि झेंडू.

मी पूर्वी 'जुगाड' शब्दावर फार खूष असायचे. बघा, आमच्या माणसाने काय करून दाखवलं! अजूनही अप्पांच्या हाताचं कौतुक वाटतंच. पण गरजेपोटी जे करावं लागलं त्याच्या आपण फुशारक्या मारतो, तेव्हा ते करणाऱ्याला त्यात काय तोडावं लागलं हे विचारायचं राहून जातं. मी तर पस्तीस वर्षं विचारलं नव्हतं. गाठोडं डोळ्यांसमोर असून.

परवा दादाला फोनवर सांगितलं, कार्बोरेटर सापडला म्हणून. त्याने नंबर वाचायला लावला. म्हणाला, "अगं, इथे कोणीतरी नेमका हाच शोधत असेल. पाठवतेस? कोणाची तरी गाडी पुरी होईल." अप्पा असते तर काय म्हणाले असते? मला वाटतं, दिला असता. पण खात्री नाही.

मी फडकं सोडून बघितलं. आतला फ्लोट अजून हलतो. दादाला म्हटलं, हा दसरा होऊ दे. मग बघू.